अठराव्याचा मुहूर्त

माणसाच्या वयाची दखल घेण्यात आपल्या शास्त्राने सहसा कसर ठेवलेली नाही. बाराव्या दिवशी बारसं, मग उष्टावण, जावळ, मुलगा असेल तर आठव्या वर्षी मुंज. मुलीला एके काळी न्हाण आलं की मखरात बसवून, ओटी भरून साऱ्या आळीला ती बातमी कळवत. ती प्रथा गेली आणि तिच्यासाठी कुठल्या मुलीने हळहळ व्यक्त केल्याचं ऐकिवात नाही. त्यानंतर लग्न सोडलं तर शास्त्र जे डोळे मिटतं, ते थेट पन्नाशीच्या शांतीलाच जागं होतं. पुढे साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन असं सगळं यथासांग आहे. अठरा वर्षांच्या पोरापोरींसाठी मात्र ना होम, ना हवन.

ही रिकामी जागा भरायचं काम हल्ली घरच्यांच्या गळ्यात पडतं. माझ्या भाचीला अठरा पूर्ण होणार म्हटल्यावर भावाने बैठक बोलावली. मला आत्या म्हणून खास आमंत्रण. बारशाला हिच्या कानात नाव मी सांगितलं होतं आणि 'कुर्रर्र' होताच पाठीत धपाटेही मीच खाल्ले होते, त्यामुळे पुढच्या सगळ्या समारंभांत माझा हक्क अबाधित आहे. भावाने कागदावर दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'आठवणीत राहील असं', दुसऱ्यावर 'त्रास होणार नाही असं'. उत्सवमूर्ती शेजारच्या खोलीत कानात बोंडं घालून बसली होती. त्यातून तिला सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

पहिला वाद दिवसाचा. माझी आई, म्हणजे भाचीची आजी, पंचांग घेऊनच बसली. तिच्या मते वाढदिवस तिथीने करावा, आणि अठरावं तर गेल्याच वर्षी लागलं, आता एकोणिसावं लागतंय. शिवाय एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख जवळजवळ पुन्हा जुळतात, तेव्हा एक वर्ष थांबलात तर दोन्ही एकदम उरकतील, हा तिचा हिशेब. खगोलशास्त्राच्या दृष्टीने त्यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त आतल्या खोलीतून "आजी, प्लीज!" असा आवाज आला. म्हणजे हे ऐकू आलं होतं.

मग वेळ. रात्री बाराला केक कापणं ही थेरं आहेत, आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, हे आईचं ठाम मत. इथे भावाने कायदा काढला. सज्ञान कधी व्हायचं हे आपल्याकडे १८७५ सालच्या एका कायद्याने ठरतं, आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की अठरावा वाढदिवस ज्या दिवशी येतो, तो दिवस सुरू होताक्षणी माणूस सज्ञान. म्हणजे रात्री बाराचा केक ही कॉलेजच्या पोरांची टूम नसून दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज सरकारने काढून दिलेला मुहूर्त आहे. "इंग्रजांना काय, सूर्य मावळतच नव्हता त्यांचा," म्हणून आईने पंचांग मिटलं.

जागेवरून खरी पंचाईत झाली. गच्ची म्हटलं तर सेक्रेटरी. शिवाय दहानंतर स्पीकर बंद, हा साऱ्या देशाचा नियम. फार्महाऊस म्हटलं तर रात्रीचा घाट आणि गाडी कोण चालवणार, हा प्रश्न. आपल्याकडे वाढदिवसाची धास्ती घ्यायला कारणंही आहेत म्हणा. चौकात बोनेटवर केक ठेवून तो तलवारीने कापायचा, आणि दुसऱ्या दिवशी शस्त्र कायद्याखाली पोलीस ठाण्यात माना खाली घालून फोटो काढून घ्यायचा, हे आता पेपर वाचणाऱ्याला नवं नाही. त्या मानाने आमच्या भाचीच्या मैत्रिणी सोज्वळ. त्या फक्त डोक्यावर अंडी फोडतात आणि तो पांढरा फेसाचा फवारा मारतात. त्या डब्यातला गॅस पेट घेतो आणि समोर केकवर मेणबत्त्या जळत असतात, एवढं वहिनीने सांगितल्यावर फवाराही बाद झाला.

संध्याकाळपर्यंत दुसऱ्या रकान्याने पहिला रकाना खाऊन टाकला. उरली ती पावभाजी.

तेव्हा भाची बाहेर आली. तिचे बेत कधीच ठरले होते. दुपारी मैत्रिणींबरोबर बाहेर जेवण, त्याआधी घरी आजीचं औक्षण, आणि एकच अट: आंघोळीच्या बादलीतला तिचा तो उघडानागडा फोटो कुणीही स्टेटसला ठेवायचा नाही. भावाचा चेहरा पडला. त्याने तो आधीच शोधून ठेवला होता.

औक्षण मात्र जंगी झालं. पाटाभोवती रांगोळी, तबकात निरांजन, सुपारी, आईच्या बोटातून साबण लावून काढलेली सोन्याची अंगठी. आईने आधी सुपारी-अंगठी ओवाळली, मग निरांजन, आणि हात थरथरतो म्हणून ज्योतही तिच्याबरोबर थरथरत गोल फिरली. शेवटी डोक्यावर मूठभर अक्षता. त्यांतल्या दोन दुपारी हॉटेलात मान खाली घालताच सूपमध्ये पडल्या आणि आपण वेटरला विनाकारण बोललो, असं भाचीनेच रात्री सांगितलं.

शास्त्र गप्प असलं तरी सरकार या वयाला विसरलेलं नाही, हे पुढच्या आठवड्यात कळलं. अठराव्या वर्षाचे सगळे संस्कार सरकारी कचेऱ्यांत होतात. मतदारयादीसाठी नमुना ६. मी अठराची झाले तेव्हा मताला एकवीस लागायची. मग १९८९ च्या मार्चमध्ये घटनादुरुस्ती अमलात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मी लोकसभेला शाई लावून आले. घरी माझ्या अठराव्याला शिराही झाला नव्हता, पण दिल्लीने एवढी दखल घेतली. मग शिकाऊ लायसन. मूल गाडी चालवताना सापडलं तर पालकाला तुरुंग आणि पंचवीस हजार दंड, हे सांगून भावाने दोन वर्षं स्कूटरची किल्ली लपवली होती. ती आता खुंटीवर आली. गावच्या सातबाऱ्यावर आजोबांनी नातीचं नाव लावलं होतं, त्यापुढे 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून भावाचं नाव. तो शेरा कमी करायला तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो. भावाने अर्ज लिहिला, सही केली. तलाठ्यांनी तो परत केला. सही मुलीची हवी.

आणि शेवटी बँक. भाचीच्या नावाने उघडलेल्या खात्यात बारशापासूनची पाकिटं, दिवाळीची ओवाळणी, बक्षिसं असं सगळं भाऊ भरत आला होता आणि अडीनडीला काढतही होता. वाढदिवसाला आलेल्या पाहुण्यांसाठी पाव, भाजी, केक मिळून झालेला खर्च यातूनच भागवू म्हणून तो गेला, तर बाईंनी स्क्रीनकडे बघून सांगितलं, मुलगी सज्ञान झाली, आता तुमच्या सहीने पैसे निघणार नाहीत. तिची नवी सही, कागद, फोटो आणा. भाऊ घरी आला आणि सोफ्यावर पाय पसरून बसलेल्या लेकीसमोर उभा राहिला.

"अगं, सही पाहिजे होती एक. थोडे पैसे काढायचेत."

भाचीने कानातलं बोंड काढलं. अठरा वर्षं जे ऐकलं होतं, ते बापाच्याच सुरात बाहेर पडलं.

"किती? आणि कशाला पाहिजेत?"

आठवणीत राहील असं काही करायचं होतं ना, ते झालं. भाऊ हिशेबाचा कागद आणायला आत गेला. त्याच्याकडे हिशेब मागण्याची वेळ या घरात प्रथमच आली होती, आणि मी पाहिलं, बिलं त्याने तारखेवार लावून आणली.