ट्रस्टकाका

न्यू जर्सीत, एडिसनच्या बाजूला, कुठल्याही मराठी घरी श्रीखंड-पुरीनंतर जो माणूस "तुमचा ट्रस्ट झाला का?" असं "मुलाचं जमलं का?"च्या सुरात विचारतो, तो ट्रस्टकाका समजावा.

आमच्या काकांचा झालाय. घर, शेअर, बँकेतल्या ठेवी, सगळं ट्रस्टच्या नावावर. "माझं आता काही नाही रे," म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर वानप्रस्थाची कळा येते. फक्त ट्रस्टला देणारे तेच, सांभाळणारे तेच आणि उपभोगणारेही तेच. ग्रँटर, ट्रस्टी, बेनिफिशरी. वाटेल तेव्हा ट्रस्ट मोडायचा हक्कही त्यांचाच. देवाला नैवेद्य दाखवायचा आणि ताट आपल्यापुढे ओढायचं, तसं.

या वानप्रस्थाला न भुलणारं खातं एकच: अमेरिकेचं करखातं, आयआरएस. कायद्याची 671 ते 679 ही कलमं सांगतात, दोरी ज्याच्या हातात, पतंग त्याचाच. व्याज, डिव्हिडंड, सगळं काकांच्याच वैयक्तिक रिटर्नवर, फॉर्म 1040वर. "आपल्या 1961च्या आयकर कायद्यातही कलम 61 हेच म्हणायचं," काका अभिमानाने सांगतात. जणू तेही त्यांनीच लिहिलं.

ट्रस्टला आपलाच सोशल सिक्युरिटी नंबर दिला असता, तर निराळा फॉर्म लागला नसता. पण ट्रस्टला स्वतःचा नंबर नको? हौसेने ईआयएन घेतला, आणि दरवर्षी फॉर्म 1041 मागे लावून घेतला. त्यावर ट्रस्टचं नाव, पत्ता, 'ग्रँटर ट्रस्ट'च्या चौकोनात खूण. रकमांच्या जागा कोऱ्या. आकडे सोबतच्या पुरवणीत. हा कोरा कागद भरायला काका मार्चभर जेवणाचं टेबल अडवतात. पुरवणीची प्रत ट्रस्टीने ग्रँटरला द्यायची असते. काका ती पाकिटात घालतात, टेबलाला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीत बसतात, आणि फोडून वाचतात.

मग राज्याची पाळी. शेअरमधला उरलेला तोटा केंद्राच्या रिटर्नमध्ये पुढच्या वर्षी ओढता येतो, न्यू जर्सीत नाही. म्हणून एकाच तोट्याच्या दोन वह्या. डेलावेअर नदीपलीकडच्या मेहुण्यांनी परत न घेता येणारा ट्रस्ट केलाय. पेनसिल्व्हेनियाने 2025पासून ग्रँटर ट्रस्टचा केंद्राचा नियम स्वीकारला, हे काकांनी त्यांना फोनवर तासभर समजावलं. तेव्हापासून मेहुणे फोन उचलत नाहीत.

"मी गेलो ना, की ट्रस्ट खरा वेगळा होईल," परवा काका म्हणाले. "हा नंबरही चालणार नाही, नवा घ्यावा लागेल. आणि उत्पन्न न वाटता साठवलं, तर 2025च्या हिशेबाने 15,650 डॉलरच्या पुढे थेट 37 टक्के! आम्हा दोघांना तो दर साडेसात लाखांच्या पुढे लागतो." डोळ्यांत पाणी तरळलं. स्वतःच्या मरणापेक्षा त्या 37 टक्क्यांचंच.

"उद्या मंगळवार," काकू आतून म्हणाल्या. "कचऱ्याचा डबा बाहेर ठेवा."

"घर ट्रस्टचं," काकांचा चेहरा उजळला. "तेव्हा डबा ग्रँटरने ठेवायचा की ट्रस्टीने?"

"सरकारच्या लेखी दोघं एकच ना?" काकू म्हणाल्या. "मग कोणीही उठा."