झोळी आणि सर्व्हर

विकिपीडिया उघडला की अधूनमधून वरून एक पट्टी उतरते आणि चहापाण्याएवढी मदत मागते. आपण कोपऱ्यातली फुली दाबतो, लेख पोराच्या प्रकल्पवहीत उतरवून देतो आणि मराठी विकिपीडियात काही दम नाही, असा शेराही मारतो. मोर्शीकडे जाणाऱ्या एसटीत शेजारच्या काकांनी या व्यवहाराचं सगळं अर्थशास्त्र एका दमात सांगून टाकलं, “फुकटच हाय नं थे, मंग पैसे कायले मांगते?”

काका रिद्धपूरला उतरले. मराठीतलं पहिलं फुकटचं, दहाजणांच्या आठवणींतून रचलेलं ज्ञानभांडार याच गावात तयार झालं. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या, त्या एकेकाला त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी गाठलं, विचारलं, पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून ताडून घेतलं. 1278च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झालं. पुढे खिलजीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असं परंपरा सांगते. मग शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली आणि ज्याचा पाठ निराळा, त्याचा निराळा नोंदवला. हिराइसांचा असा, परशरामबासांचा तसा. विकिपीडियाच्या आजच्या संपादकांच्या हाणामारीत इतकी सभ्यता कुठे दिसली तर कळवा.

आणि खर्च? अनुदान नाही, प्रायोजक नाही, पहिल्या पानावर पालकमंत्र्यांचा फोटो नाही. म्हाइंभट मूळचे सधन पंडित, पण ते सारं मागे टाकून आलेले. पंथाचा चरितार्थ भिक्षेवर. ती चारही वर्णांच्या दारी मागावी, ही स्वामींची शिकवण. धर्मकारण बाजूला ठेवा, यातला हिशेब पाहा. घरोघरची चतकोर भाकरी झोळीत पडली, की ‘हे सगळं माझ्या जिवावर चाललंय’ असं म्हणायची सोय एकाही घराला उरत नाही. मोठ्या देणगीदाराची नेमकी हीच सोय असते.

पुढे याच पंथाने पोथ्यांना सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांची कुलुपं घातली, हेही सांगायला हवं. पासवर्ड फक्त आतल्यांना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उकलेपर्यंत बाहेरच्या मराठी वाचकाला या गद्याचा जवळजवळ पत्ताच नव्हता. पोथी जगली, वाचक मुकला.

विदर्भाने दुसरा प्रयोगही पाहिला आहे. अमरावतीत शाळा शिकलेल्या श्री. व्यं. केतकरांनी ज्ञानकोशासाठी चक्क लिमिटेड कंपनी काढली, तीही नागपुरात. भाग विकले, वर्गणीदार गोळा केले, गावोगाव हिंडले. 23 खंड पुरे केले आणि त्या खटाटोपाची हकिकत ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने लिहूनही ठेवली. ग्रंथ उभा राहिला, ग्रंथकर्ता शेवटी हलाखीत गेला. तो ज्ञानकोश आज इंटरनेटवर फुकट आहे. आपल्याला फार सोयीचं झालं.

तिसरी वाट सरकारची. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली आला, विसावा 2015 साली. पैशाची चिंता नाही, घाईचीही नाही.

आता त्या पट्टीकडे या. तिच्यामागची विकिमीडिया फाउंडेशन ही सॅन फ्रान्सिस्कोची संस्था वर्षाला सुमारे 18 कोटी डॉलर जमवते, तेही मुख्यतः जगभरच्या लहान देणग्यांतून. सर्व्हर चालवायला त्यातले 30 लाखांच्या आसपास लागतात, निम्म्याहून जास्त पगारांवर जातात. शिवाय 10 कोटी डॉलरची कायम ठेव 2021मध्येच पुरी झाली. म्हणजे पट्टीवरचा रडवेला सूर जरा जास्तच झाला, हा आक्षेप रास्त आहे. ही झोळी रिकामी नाही. मात्र हा आक्षेप सर्वांत मोठ्याने घेतो तो गृहस्थ, ज्याने तिच्यात आजवर चिमूटभर पीठही घातलेलं नाही. गंमत अशी की गूगलला 2022पासून हीच माहिती वेगाने आणि घाऊक घेण्यासाठी फाउंडेशनला पैसे मोजावे लागतात. गूगल देतं. काका देत नाहीत. मीही परवापर्यंत फुलीच दाबत होतो.

मराठी विकिपीडिया 2003पासून चालू आहे. लिहिणाऱ्याला दमडी मिळत नाही आणि त्याची तक्रारही तशी नाही. त्याला हवा असतो संदर्भ. तालुक्याचा इतिहास लिहायला बसलं, की पुस्तक कुणाच्या तरी कपाटात आणि किल्ली साहेबांकडे. लोकांच्या खर्चाने छापलेली पुस्तकं आणि जतन केलेल्या पोथ्या खुल्या करून ठेवणं, ही सगळ्यात स्वस्त देणगी आहे. तिला चेकही फाडावा लागत नाही.

रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. 2023च्या अर्थसंकल्पात घोषणा, पुढच्या वर्षी पहिले कुलगुरू. सरकारी रिवाजाच्या मानाने हे चपळच. इमारत होईल, कमान होईल, कमानीवर नावं होतील. विद्यार्थ्याने गावातल्या एका पोथीवर संदर्भासह विकिपीडिया लेख लिहिला तर त्याला गुण द्यायचे, एवढं अभ्यासक्रमात बसवायला किती निधी लागेल? शून्य. म्हणूनच अवघड आहे. शून्य रुपयांचा प्रस्ताव कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, यावर मंत्रालयात फाइल वर्षभर फिरेल आणि शेवटी शेरा पडेल, ‘खर्च नमूद नाही, सबब परत’.