गळतीवाले तात्या

मांडवीच्या खाऱ्या वाऱ्यात ज्यांची घरं आहेत, त्यांच्या दर आळीत एक तात्या असतात. आमच्या तात्यांची हयात कौलं परतण्यात गेली. मे महिन्यात छपरावर चढायचं, फुटकं कौल हुडकायचं आणि पहिल्या पावसात पातेलं कुठे लागेल ते खालच्यांना आधीच बजावून ठेवायचं. पुढे मुलाने घर पाडून स्लॅबचं बांधलं. ते मेलं गळेना. पहिला पावसाळा तात्यांनी बेकार काढला.

तारलं ते एसीने. तो बसवताना तात्यांनी तोंड फिरवलं होतं. समुद्र उशाशी असताना वारा विकत कशाला? पण एप्रिलात भिंतीवरच्या कॅलेंडरात, नेमका संकष्टीवर, पहिला थेंब पडला आणि तात्या पंचा खोचत उठले.

"गॅस गळत असेल," मी म्हटलं.

"गॅसने कॅलेंडर भिजतं होय रे? हे हवेतलं पाणी. रत्नागिरीची हवा पिळलीस तर बादली भरेल."

मग उतार. पाण्याचा पाइप खिडकीवरून चढवून नेलेला. सुपारीच्या बागेत पाट काढलेल्या माणसाला हा अपमानच. पाणसळ लावून त्यांनी पाइप खाली घेतला, आतलं शेवाळ काढलं. दुसऱ्या दिवशी चतुर्थी सोडून पंचमी भिजली.

मेकॅनिक पोरगा आला. "काका, गॅस संपलाय. भरावा लागेल."

"संपायला तो चुलीखालचा आहे काय? बंद नळीत फिरतो, घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कमी झाला म्हणजे भोक आहे. आधी भोक दाखव!"

पोराने साबणाचा फेस केला. बाहेरच्या युनिटच्या पत्र्या खाऱ्या हवेने पांढऱ्या भुरभुरीत झालेल्या. तात्या गुडघ्यावर बसले, चष्मा पुसून नटापाशी नाक नेलं. फेस स्वस्थ. मग एक बुडबुडा फुगला, फुटला; त्याच जागी दुसरा. बारशाला नातवाचं तोंडही तात्यांनी इतकं निरखलं नव्हतं. गॅस कमी, म्हणून आतल्या कॉइलवर बर्फ; तो वितळला की कॅलेंडर ओलं.

"मी पहिल्यापासून म्हणतोय, गॅस!" तात्या माझ्याकडे बघून म्हणाले.

सांधा नवा केला, पंप लावून नळीतली हवा ओढून घेतली, युनिटच्या पाटीवर लिहिला तेवढाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. काट्याकडे तात्यांची नजर सोनाराच्या दुकानातली.

आता खोली गार असते. काकू आत निजतात. तात्या बाहेर पडवीत, युनिटच्या घरघरीला कान लावून. "खारी हवा आहे, दोन वर्षांत दुसरीकडे फुटेल," असं आल्यागेल्याला सांगतात. काळजीने नव्हे.

परवा मुलाचा पुण्याहून फोन आला. "बाबा, पुढच्या खेपेला नवाच आणतो. त्याच्या कॉइलला गंज चढत नाही म्हणे."

त्या रात्री तात्यांनी आमटी-भात निम्मा टाकला.