शाळाच गेली गुरांमागं

"काय गं शोभा, सकाळी पोरगी एवढं भोकाड पसरून का रडत होती? पार आमच्या चिकूच्या झाडापर्यंत ऐकू आलं."

"काय सांगू काकू, नवी नर्सरी. व्हॅनचा हॉर्न वाजला की हिचा सूर लागतो. तिथल्या मॅडम म्हणतात, घरात शिस्त नाही."

"म्हणणारच! अडीच वर्षांचं पोर ते. आणि बोर्डीत राहून हे ऐकायचं म्हणजे कमालच झाली. अनुताई वाघांचं गाव हे."

"पुस्तकात होत्या त्या. पद्मश्री ना?"

"पद्मश्री 1985 साली, म्हातारपणी. आधीचं ऐक. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत नवरा गेला. त्या काळी अशा पोरीचं काय व्हायचं?"

"माजघराचा कोपरा."

"ही बाई त्या कोपऱ्यात बसली नाही. शिकली, पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका झाली. बी. ए. केलं ते तर पन्नाशी उलटल्यावर. आमच्या ह्यांना मोबाइलवर लाइटबिल भरायला सांगितलं तर म्हणतात, आता या वयात काय शिकायचं!"

"पण पुणं सोडून इकडे कशा आल्या?"

"ताराबाई मोडकांमुळे. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून तयार झालेल्या. 1945 साली त्यांनी इथं बालवाडी काढली, अनुताई मदतीला आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. आता गंमत बघ. वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात. मग ह्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेऊन मांडली. पुढे 1975 साली सरकारनं अंगणवाड्या काढल्या ना, त्याच्या तीस वर्षं आधीची गोष्ट ही."

"अय्या! म्हणजे आपल्या कोपऱ्यावरची अंगणवाडी..."

"थांब, कोसबाडचं तर राहिलंच. पुढे काम त्या टेकडीवर गेलं. तिथं वारल्यांची पोरं. सकाळ झाली की गुरं घेऊन रानात. त्यांना शाळेत बोलवायचं म्हणजे गुरं कोणी राखायची? बाई काही रागावल्या नाहीत. जिथं गुरं चरतात तिथंच शाळा भरवली. कुरणशाळा म्हणायचे."

"मस्तच की!"

"आणि मोठी पोरगी शाळेत आलीच तर कडेवर धाकटं भावंड. तुझ्या मॅडम काय म्हणाल्या असत्या?"

"त्याला घरी ठेवून ये म्हणाल्या असत्या."

"आणि मग पोरगीच घरी बसली असती. ह्यांनी शेजारी पाळणाघर काढलं. पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा, सगळं एकाच आवारात. विकासवाडी नाव त्याचं. मॉन्टेसरीचं महागडं सामान कुठून आणायचं? मग शंखशिंपले, बिया, खडे, पानं यांवर मोजणी आणि रंगओळख. तुझ्या नर्सरीत काय आहे?"

"प्लॅस्टिकचा मोठ्ठा हत्ती आहे. पण हात लावू देत नाहीत."

"मग ठेवलाय कशाला? पूजेला? मला विचारशील तर अनुताईंचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत आहे. स्वतः चांगलं शिकवणाऱ्या बाया पुष्कळ असतात. ह्यांनी बालवाड्या चालवायला दुसऱ्या बाया शिकवून तयार केल्या आणि काम त्यांच्या हाती सोपवलं. त्याला छाती लागते हो! मला अजून सुनेच्या हाती फोडणी सोपववत नाही."

"ते माहितेय सगळ्या गल्लीला."

"गप्प बस. हसतेस काय? 1992 साली गेल्या अनुताई. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांनीच लिहिलेलं पुस्तक आहे, वाचनालयातून आण. आणि त्या मॅडमनाही दे वाचायला."

"मॅडम कुठल्या वाचतायत! पण मी करू काय काकू? व्हॅनचे तीन महिन्यांचे पैसे भरून बसलोय."

"बुडाले तर बुडू देत. उद्या स्वतः जा आणि विचार, पोर रडलं की तुम्ही काय करता? जवळ घेतो म्हणाल्या तर ठेव तिथं. पुन्हा शिस्तीचं नाव काढलं, तर सरळ नाव काढून आण."