हायपरकारची तुलना कशी करावी: पानठेल्यावरचा प्राथमिक अभ्यासक्रम

चंद्रपूर-गडचिरोलीत राहून हायपरकारचे जाणकार व्हायचं तुम्ही ठरवलं आहे. अभिनंदन. गाडी कधी पाहिली नाही म्हणून मन खट्टू करू नका. पाहिलेला माणूस उगाच वास्तवाला धरून बोलतो. साहित्य थोडंच लागतं: एक पानठेला, एक मोबाइल आणि खर्रा घोटून होईस्तोवरचा वेळ.

१. आधी बाजू घ्या, आकडे मग शोधा. बुगाटीवाल्याने इंजिन सांगावं: ८ लिटर, १६ सिलिंडर, ४ टर्बो. कोनिगसेगवाल्याने ‘रेगेराला नेहमीसारखा गिअरबॉक्सच नाही’ एवढं म्हणून गूढ हसावं. रिमॅकवाल्याने चार चाकांना चार मोटारी असल्याचं सांगावं. वीज चंद्रपूरच्या ऊर्जानगरातच तयार होते हेही जोडावं. चार्जिंग कुठे करणार, हे विचारलं की घरी काम आठवावं.

२. टॉपस्पीडवर भांडा. २०१९ मध्ये बुगाटीच्या शिरॉनने जर्मनीत ताशी ४९० किलोमीटर गाठले. समोरचा हे बोलला की विचारा, ‘एकाच दिशेने ना?’ खरा विक्रम जाऊन-येऊन मोजतात आणि सरासरी काढतात. कोनिगसेगच्या अगेरा आरएसने २०१७ मध्ये नेवाडात रस्ता बंद करून तसा ४४७ चा काढला. एसएससी टुआटाराचं नाव मात्र जपून घ्या. २०२० मध्ये तिने ५०८ चा दावा केला. लोकांनी घरबसल्या व्हिडिओ तपासून तो पाडला. तुम्ही वाद जिंकतच आलात की कोणीतरी चिनी यांगवांगचा २०२५ चा ४९६ चा आकडा काढील. वाईट वाटून घेऊ नका. खर्ऱ्याचे पैसे त्यालाच द्यायला लावा.

३. पिकअप दोन दशांशांपर्यंत सांगा. ‘दोन सेकंदांत शंभर’ म्हणणारा अडाणी समजला जातो, ‘१.८६’ म्हणा. काही ठिकाणी गाडी पहिला एक फूट सरकेपर्यंतचा वेळ धरतच नाहीत, हे हळूच सांगा. आपल्याकडे खड्डा नेमका त्याच फुटात असतो, हे सांगू नका.

४. ॲव्हरेज विचारा. हा प्रश्न कोणत्याही परदेशी तज्ज्ञाला सुचत नाही, म्हणून तो तुमचा हुकमी एक्का. बुगाटी वेरॉनची टाकी १०० लिटरची. ताशी ४०० च्या वेगाने ती सुमारे १२ मिनिटांत रिकामी होते, म्हणजे लिटरला ८०० मीटर. चंद्रपूरहून मूल, सावली करत निघालात तर तेल गडचिरोलीच्या वेशीवर संपेल. टायर त्या वेगाला १५ मिनिटं टिकतात असं म्हणतात, तेव्हा टायरची काळजी नको. वाटेतल्या ‘वाघांपासून सावधान’ या पाट्या मात्र वाचता येणार नाहीत.

५. स्वदेशीचा मुद्दा राखून ठेवा. पिनिनफारिना बॅटिस्टा ही १९०० हॉर्सपॉवरची गाडी ज्या कंपनीची, ती महिंद्राच्या मालकीची. तिने इंदूरजवळच्या नॅट्रॅक्स ट्रॅकवर पाव मैल ८.५५ सेकंदांत तोडला. गाडी बनते इटलीत आणि बॅटरी-मोटारींचं तंत्र रिमॅकचं, हे रिमॅकवाला सांगेलच. तेव्हा विषय ट्रॅक्टरवर न्या. ४५ हॉर्सपॉवरचे ४२ ट्रॅक्टर मिळून एक बॅटिस्टा होते, पण रोवणीच्या दिवसांत बांधीत चिखल करायला त्या ४२ पैकी कोणताही एक चालतो.

६. कूलिंगवर बोलताना आवाज खाली आणा. वेरॉनला १० रेडिएटर आहेत. युरोपात लोक यावर थक्क होतात. मे महिन्यात ४६ अंश सोसणारा चंद्रपूरकर फक्त विचारतो, ‘पाणी रोज टाकावं लागते का?’

७. ग्राउंड क्लिअरन्सचा विषय कोणत्याही परिस्थितीत निघू देऊ नका. या गाड्या जमिनीपासून जेमतेम पाच-सहा बोटं वर असतात. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ज्या रस्त्यांवरून गेले, तिथे ही गाडी उतरवली तर कार्बन फायबरचे तुकडे वेचावे लागतील. पर्लकोटा नदीच्या जुन्या पुलावरून पावसाळ्यात पाणी गेलं की भामरागडचा संपर्क तुटतो. त्या दिवशी १९०० हॉर्सपॉवर आणि दोन बैल अलीकडच्या काठावर बरोबरीने उभे असतात. इतकी निष्पक्ष चाचणी जर्मनीतही होत नाही, पण कंपन्या तिचे आकडे छापत नाहीत.

८. शेवटी निकाल द्या. निकालाशिवाय उठणं हा ठेलेवाल्याचा अपमान आहे. एटापल्ली तालुक्यातल्या गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्यावर पहिली एसटी १ जानेवारी २०२५ ला धावली. मुख्यमंत्री स्वतः तीत बसले होते. स्वातंत्र्यापासून मोजलं तर शून्य ते एक बस: ७७ वर्षं. दशांशाची गरज नाही. ती बस जाते आणि परतही येते, म्हणजे विक्रम दोन्ही दिशांनी मोजलेला आहे. बुगाटीच्या ४९० ला हे जमलेलं नाही. पहिला नंबर लाल परीला द्या आणि उठा.