डीबेसची आठवण रीतसर कशी काढावी

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला रात्री अकराच्या सुमारास, मुलगा शेजारी लॅपटॉपवर काहीतरी ‘क्लाउडवर टाकत’ असताना, एकाएकी डीबेस थ्री प्लस या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमची आठवण येते. हा आजार नव्हे. मात्र ही आठवण वेडीवाकडी काढली तर घरातली माणसे एकेक करून उठून आत जातात, असा अनुभव आहे. सबब हे मार्गदर्शन.

पात्रता. ‘डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस’ हे चार शब्द याच क्रमाने आणि एका दमात ज्याला म्हणता येतात, ज्याने चपला बाहेर काढून एसीच्या खोलीत पाऊल टाकले आणि एका मॉनिटरसमोर तिघांत मधल्या स्टुलावर बसून प्रॅक्टिकल केले, तोच पात्र. माउस हातात धरून ज्यांचे शिक्षण सुरू झाले त्यांनी बाहेर थांबावे. त्यांनी चपला काढल्या नाहीत तरी चालेल.

पायरी १: जागा सिद्ध करणे. जुना पीसी-एक्सटी मिळत नसल्यास डॉसबॉक्स नावाचा फुकट प्रोग्रॅम नव्या यंत्रावर घालावा. हा नव्या यंत्राला जुने असल्याचे सोंग आणायला लावतो. डीबेसची प्रत कुठून आणली, हे तेव्हाही कोणी विचारत नसे. अक्षरे हिरवी करावीत. मग कंट्रोल आणि एफ-११ दाबून वेग कमी करत जावे. पहिला पीसी ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा, एवढे लक्षात ठेवले म्हणजे कुठे थांबायचे ते कळते. हजारभर नावांचे इंडेक्सिंग लावून खाली टपरीवर जाऊन चहा घेऊन परत आल्यावरही ते चालूच असेल, तर वेग बरोबर जमला. इंडेक्सिंग आधीच संपून ‘१०० टक्के इंडेक्स्ड’ असे दिसल्यास आणखी दोनदा एफ-११.

पायरी २: टिंबाकडे पाहणे. डीबेस सुरू होताच ‘असिस्ट’ नावाचा मेनू मदतीला येतो. एस्केप दाबून त्याला घालवून द्यावे. मेनूवरून काम करणारा तेव्हा कच्चा समजला जाई. मेनू गेला की रिकामा पडदा, तळाशी एक टिंब आणि त्यापुढे लुकलुकणारा कर्सर. काय करू शकता, काय करावे, पूर्वी काय केले होते, यातले काहीच ते टिंब सांगत नसे. चुकीचे लिहिले तर ‘अनरेकग्नाइज्ड कमांड व्हर्ब’, म्हणजे ‘हे क्रियापद आमच्यात नाही’, असे व्याकरणाच्या मास्तरांच्या सुरात सुनावी. बरोबर लिहिले, ‘यूज सभासद’, मग ‘लिस्ट’, की अख्ख्या तालुक्यातल्या माणसांची नावे सरसर वर सरकू लागत.

इथे घाई करू नये. पाच मिनिटे नुसते टिंबाकडे पाहावे आणि स्वतःशी खरे बोलावे. त्या टिंबापुढे काय लिहायचे हे आपल्या पतसंस्थेत फक्त आपल्याला ठाऊक होते. चेअरमन मागे उभे राहून हलक्या आवाजात ‘झालं का हो?’ विचारायचे आणि आपण मान न वळवता ‘चालू आहे’ म्हणायचो. शिपाई चहाचा पहिला कप आपल्याला द्यायचा. सव्वीस वर्षांच्या पोराला गावात एवढा मान द्यायला एरवी नवरदेवच व्हावे लागते. डीबेसच्या धर्तीवर पुढे आलेल्या फॉक्सप्रोमध्ये टिंब जाऊन तिथे कमांड विंडो आली. घसरण तिथूनच सुरू झाली, असे माझे मत आहे.

पायरी ३: इतिहास सांगणे. हा थोडक्यात सांगावा. वेन रॅटलिफ नावाच्या गृहस्थाने कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम करता करता, फुटबॉलच्या पैजेत कोणता संघ जिंकेल याचा हिशेब मांडायला हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. नाव ठेवले व्हल्कन. पुढे जॉर्ज टेट आणि हॅल लॅशली यांनी तो बाजारात आणला, तोच डीबेस टू. डीबेस वन कधी नव्हतेच. पहिलीच आवृत्ती म्हटले तर गिऱ्हाईक बिचकेल म्हणून थेट दोन. कंपनीचे नाव ॲश्टन-टेट. त्यातले टेट खरे, ॲश्टन नावाचे कोणीच नव्हते. मुळातच आकडा आणि नाव बनावट असल्यामुळे, आपण आपल्या आठवणीत चार-दोन गोष्टी पदरच्या घातल्या तर ती परंपराच मानावी.

पायरी ५: संकट सांगणे. चौथी पायरी कुठे गेली, असे विचारू नये. सेट डिलीटेड ऑन आहे. डीबेसमध्ये ‘डिलीट’ म्हटल्याने काही जात नसे. फाइलमध्ये प्रत्येक रेकॉर्डच्या आधी एक अक्षराची जागा असते, ती एरवी कोरी. डिलीट केले की तिथे एक फुली पडते, एवढेच. सेट डिलीटेड ऑन असेल तर फुलीवाले रेकॉर्ड दिसत नाहीत. असतात तिथेच. ‘पॅक’ म्हणेपर्यंत कधीही ‘रिकॉल’ करून परत बोलवावेत. मयत सभासदाचा वारस तीन महिन्यांनी भांडत आला की याचा फार उपयोग व्हायचा.

‘झॅप’ची गोष्ट वेगळी. झॅप फुली वगैरे घालत बसत नाही, थेट फाइल रिकामी करते. आधी ‘खरंच का?’ असे विचारते, पण ते विचारणे मला अपमानास्पद वाटत असल्याने मी प्रत्येक प्रोग्रॅमच्या माथ्यावर ‘सेट सेफ्टी ऑफ’ लिहीत असे. ३१ मार्चची रात्र. व्याजाच्या हिशेबाला एक कच्ची फाइल लागे, ती दुसऱ्या वर्क एरियात उघडून आधी रिकामी करायची. त्या रात्री ‘सिलेक्ट २’ लिहायचे राहिले. मी ‘झॅप’ लिहिले, एंटर दाबला, आणि टिंब लगेच परत आले. एवढ्या लवकर ते कधी येत नसे. पोटात गोळा आला. ‘लिस्ट’ म्हटले, तर वर नुसती फील्डची नावे, खाली पुन्हा टिंब. ‘रिकॉल ऑल’. काहीच नाही. सभासदांची फाइल पहिल्या एरियात उघडी होती, आणि आता तिच्यात कोणीच सभासद नव्हते.

सव्वापाच इंची फ्लॉपीवर बॅकअप होता. चार फ्लॉप्यांचा संच. दोन वाचल्या. तिसरीवर ड्राइव्ह ‘घर्र, घर्र’ करत अडकला आणि पडद्यावर आले: अबॉर्ट, रिट्राय, फेल? मी तासभर रिट्राय दाबत होतो. त्या अक्षराचा रंग माझ्या बोटाला लागला असता, तरी नवल वाटले नसते. शेवटी वाचवले ते डॉट मॅट्रिक्सच्या १३२ कॉलमी छापील यादीने. तिच्या दोन्ही बाजूंच्या भोकाभोकांच्या पट्ट्या शिपायाच्या मुलांनी स्प्रिंग करायला कधीच नेल्या होत्या, यादी मात्र कपाटात शाबूत होती. लेखनिक वाचत गेले, मी टाइप करत गेलो. तीन रात्री. यादी इंग्रजीत, त्यामुळे काळे आणि काले यांचे स्पेलिंग एकच, माने आणि मने यांचेही. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवले असते तर पडद्यावर देवनागरी दिसली असती, पण ते घेण्याचा विषय दोन सभांत ‘पुढील सभेत विचारार्थ’ गेला होता.

चेअरमनना हे आजतागायत माहीत नाही. चौथ्या दिवशी त्यांनी विचारले, ‘झालं का हो?’ मी म्हटले, ‘चालू आहे.’

पायरी ६: काय सांगू नये. फ्लॉपी पत्राला स्टेपल करून पाठवल्याची गोष्ट सांगू नये. ती प्रत्येकाच्याच कचेरीत घडलेली आहे. फोनमध्ये आता किती मेमरी असते हेही सांगू नये. २० एमबीच्या हार्ड डिस्कचे कौतुक नातवंडांना नसते. सांगायचेच तर मुदतठेवीचे सांगावे. डीबेसची तारीख आत चार आकडी वर्षासकट नीट जपलेली असे, पडद्यावर मात्र वर्ष दोन आकडी. १९९६ साली पाच वर्षांची ठेव ठेवणाऱ्याच्या मुदतपूर्तीचे वर्ष कारकुनाने ‘०१’ टाइप केले की यंत्र ते १९०१ समजे. म्हणजे ठेव ठेवण्याआधीच ती पिकून ९५ वर्षे झालेली. ‘सेट सेंच्युरी ऑन’ एवढी एक ओळ लिहायची होती.

पायरी ७: सण. ५ जानेवारी पाळावा. १९९० मध्ये भारतात सापडलेला ‘जोशी’ व्हायरस त्या दिवशी यंत्र गोठवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करायला सांगे. निमूटपणे टाइप केले की सोडून देई. शुभेच्छांखेरीज दुसरी कसलीही मागणी नसलेला असा खंडणीखोर पुन्हा झाला नाही. दुसरा दिवस १३ जानेवारीचा. २०१५ साली त्या तारखेला मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची देखभाल थांबवली. ऐन संक्रांतीच्या तोंडावर, तिळगूळही न देता. कोणी फार गळा काढू लागले तर त्याला सांगावे की डीबेसची डीबीएफ फाइल मेलेली नाही. नकाशांच्या शेपफाइलमध्ये रस्त्यांची, गावांची, गटांची माहिती आजही डीबीएफमध्येच असते. फील्डचे नाव अजूनही दहाच अक्षरांचे.

रिकॉल: पायरी ४. बॅकअप घेणे, आणि घेतलेला बॅकअप वाचता येतो का ते त्याच दिवशी पाहणे.

त्या चार फ्लॉप्या माझ्याकडे अजून आहेत, प्लॅस्टिकच्या डबीत, कागदी पाकिटांसकट. तिसरीवर बुरशीचा एक ठिपका आलाय. वाचकांपैकी कोणाकडे सव्वापाच इंची ड्राइव्ह चालू स्थितीत असेल तर कृपया कळवावे. मी स्वतः घेऊन येईन, चपला बाहेर काढीन. तिसरी एकदा लावून बघायची आहे.