नास्तिकावर आमचा विश्वास नाही

देव आहे की नाही, या वादात आम्हा आस्तिकांना कधीच रस नव्हता. तो आहे. विषय संपला. आमची खरी पंचाईत वेगळीच आहे: नास्तिक आहे का? पिढ्यान्‌पिढ्या शोधतोय, पण अजून ठोस असं काही हाती लागलेलं नाही. 'मी देव मानत नाही' असं म्हणणारी माणसं भेटतात, नाही असं नाही. पण कुणाच्या नुसत्या म्हणण्यावर विश्वास ठेवायला आम्ही काय अंधश्रद्धाळू आहोत?

देवाच्या बाबतीत आम्ही पुरावा मागत नाही, तो श्रद्धेचा विषय आहे. नास्तिक समोर आला की मात्र आमची चिकित्सक बुद्धी खडबडून जागी होते. विमान हवेत गचके खायला लागलं तेव्हा मनात काय म्हणालास? पोरगं तापाने फणफणलं होतं तेव्हा बायकोने त्याला अंगारा लावला, तो पुसलास का? ठेच लागल्यावर तोंडातून काय निघालं? 'अरे देवा' निघालं असेल तर प्रश्नच मिटला. 'आई गं' निघालं असेल तरी आम्ही सोडत नाही, कारण आई हेच आद्य दैवत. कुठे ना कुठे तो सापडतोच. मग आम्ही समाधानाने मान डोलावतो आणि निकाल देतो: आतून मानतो.

या निकालावर अपील नाही. तो स्वतः दहा वेळा 'नाही हो' म्हणाला तरी त्याच्या आत काय आहे हे त्याच्यापेक्षा आम्हाला जास्त ठाऊक.

आमच्या सोसायटीतला नमुना बघा. बी विंग, तिसरा मजला. गणपतीची वर्गणी मागायला गेलो तर म्हणाला, "मी मानत नाही, पण सोसायटीचा कार्यक्रम आहे, देतो. पावती द्या." पावती! मंडळाच्या इतिहासात पावती मागणारा हा पहिलाच. पावतीपुस्तक शोधण्यात दोन दिवस गेले. पुढच्या वर्षी सर्वानुमते त्यालाच खजिनदार केलं. आधीचे खजिनदार अतिशय भाविक होते. लायटिंगच्या खर्चाला देव साक्षी होता, बिलं मात्र नव्हती. तेव्हापासून हिशेब नास्तिकाकडे आणि आरतीचं ताट आस्तिकांकडे, अशी आमची वाटणी आहे. ती उत्तम चालली आहे.

आरतीच्या वेळी तो मंडपाच्या बांबूला टेकून उभा असतो. हात मागे. सेक्रेटरींचा एक डोळा बाप्पावर आणि दुसरा, जरा जास्तच उघडा, त्याच्यावर. शेवटी सगळे जागच्या जागी गिरकी घेतात तेव्हा तो एकटा सरळ उभा राहतो, आणि मागच्या वहिनींचा पदर त्याला अडकतो. इथवर ठीक होतं. पण गेल्या वर्षी मंत्रपुष्पांजली चालू असताना, जिथे आम्ही सगळेच जोडाक्षरं तोंडातल्या तोंडात गिळून शेवटचा शब्द तेवढा जोरात म्हणतो, तिथे हा पठ्ठ्या अख्खी ओळ खणखणीत म्हणून गेला. लहानपणी आजोबांनी पाठ करून घेतली होती म्हणे. त्या रात्री ग्रुपवर आम्ही एकमेकांना नमस्काराचे हात पाठवले. पकडला!

"मग येतोस कशाला रे आरतीला?" सेक्रेटरींनी विचारलंच. तो म्हणाला, "उकडीचे मोदक." आता मोदक म्हणजे प्रसाद, आणि प्रसाद खातो तो भक्त. त्याला नाव काहीही द्या.

ए विंगमधला एक मुलगा स्वतःला अज्ञेयवादी म्हणवतो. त्याच्याशी बोलताना मात्र आमचा धीर सुटतो. देव आहे की नाही ते मला माहीत नाही, आणि ते कळायला काही मार्ग आहे असंही मला वाटत नाही, असं तो म्हणतो. 'माहीत नाही' हे उत्तर आमच्या सोसायटीत आजवर कुणी दिलेलं नाही. इथे पाण्याचा टँकर कधी येणार हेसुद्धा सगळ्यांना माहीत असतं. तळमजल्यावरच्या काकूंनी त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि आपुलकीने विचारलं, "मग तुमच्यात उपास कुठल्या वारी असतो?"

तरीही कुणी अगदी हट्टानेच नास्तिक राहिला, तर त्याची कारणं आमच्याकडे तयार असतात. आस्तिक व्हायला काही कारण लागत नाही. नास्तिक व्हायला मात्र घरात काहीतरी घडावं लागतं: बाप लवकर गेला असेल, प्रेमभंग झाला असेल, नवस फळला नसेल. यातलं काहीच नसेल तर फार वाचतो. वाचतही नसेल तर कम्युनिस्ट. आणि कम्युनिस्टही नसेल तर मग अहंकार.

अहंकाराचं हे निदान जुनं आणि रामबाण आहे. लाहोरच्या तुरुंगात भगतसिंगांना तिथलेच एक भाविक कैदी बाबा रणधीर सिंग यांनी हेच सुनावलं होतं: प्रसिद्धी तुझ्या डोक्यात गेली आहे, म्हणून देव दिसत नाही. त्यावर भगतसिंगांनी ऑक्टोबर 1930 मध्ये 'मी नास्तिक का आहे' हा निबंध लिहून काढला. फाशी समोर दिसत असतानाही मी प्रार्थना करणार नाही, असं त्यात आहे. आमची विमानाच्या गचक्यांची चाचणी इथे साफ आपटते, म्हणून तो निबंध आम्ही वाचत नाही. भगतसिंगांचा फोटो मात्र दरवर्षी देखाव्यात असतो. गणपतीच्या उजव्या हाताला, हार घालून.

डाव्या हाताला सावरकर. त्यांनी गाईला उपयुक्त पशू म्हटलं, आपल्यामागे श्राद्ध-पिंडदान करू नका, विद्युतदाहिनीत न्या, असं सांगून ठेवलं. आमच्याकडच्या प्रतीत ही पानं चिकटलेली आहेत.

लोक आम्हाला असहिष्णू म्हणतात याचं म्हणूनच वाईट वाटतं. आमच्याकडे नास्तिकालाही स्थान आहे. चार्वाकाला आम्ही ऋषी म्हणतो, हे प्रत्येक व्याख्यानात सांगतो. महाभारताच्या शांतिपर्वात त्याला रीतसर जागा आहे: युधिष्ठिर विजयी होऊन हस्तिनापुरात येतो तेव्हा चार्वाक नावाचा राक्षस भिक्षूच्या वेषात येऊन त्याची निंदा करतो, आणि ब्राह्मण नुसत्या हुंकाराने त्याला जाळून टाकतात. राख होण्यापुरतं का होईना, स्थान दिलं ना? चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ मागे उरले नाहीत. त्यांचं म्हणणं बहुतेक विरोधकांच्या पोथ्यांतून कळतं, चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'तून वगैरे. त्यांची बाजूही आम्हीच मांडली. इतकं कोण करतं?

देव न मानणाऱ्या सुधारक आगरकरांसाठी तर पुण्यातल्या आमच्या पूर्वजांनी त्याहून जास्त केलं. त्यांची प्रेतयात्रा ते हयात असतानाच काढली. पुढे 1895 मध्ये, चाळिशीही न गाठता ते खरोखर गेले, तेव्हा अंत्यविधीचे पैसे त्यांनी स्वतःच पुडीत बांधून ठेवलेले निघाले. पहिल्या वेळचा खर्च आमचा होता, हे कुणी लिहीत नाही.

नास्तिकाला विचारायचा आमचा एक हुकमी प्रश्न आहे: हिंमत असेल तर त्यांच्या देवाबद्दल बोल ना! हमीद दलवाई बोलले. 1966 मध्ये तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत नेला, 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांच्याकडचे भाविक त्यांना शत्रू म्हणू लागले, म्हणजे जे आम्ही आमच्याकडच्यांना म्हणतो तेच. मग दलवाई हिंदू जमातवादाबद्दलही बोलले, तेव्हा आमचे हात दुखायला लागले. नास्तिकाने बोलावं, जरूर बोलावं, फक्त शेजारच्या घराकडे तोंड करून.

लग्नाच्या बाजारात आम्ही त्यालाही सामावून घेतो. "मुलगा चांगला आहे हो. दारू नाही, सिगरेट नाही, जरा नास्तिक आहे, पण लग्नानंतर सुटेल." 1954 च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस लावून तो रजिस्टर लग्न करतो, आणि पुढच्या रविवारी सोवळं नेसून सत्यनारायणाला बसतो. आईच्या समाधानासाठी, असं मित्रांना सांगतो. फोटो आमच्याकडे जपून ठेवलेले आहेत.

आणि मेल्यावर तर तो आमचाच. डॉ. श्रीराम लागू देवाला रिटायर करा म्हणाले तेव्हा आम्ही खवळलो होतो. डिसेंबर 2019 मध्ये ते गेले, तेव्हा ईश्वर त्यांच्या आत्म्यास सद्गती देवो, असे संदेश आमच्या ग्रुपवर दिवसभर येत होते. नास्तिक होता, पण देवमाणूस हो!

डॉ. नरेंद्र दाभोलकर जन्मभर सांगत राहिले की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवाला नाही, शोषणाला आहे. आम्ही म्हणालो, आतून काहीतरी वेगळंच असणार. जादूटोणाविरोधी विधेयक आलं तर वारी बंद होईल, घरची पूजा बंद होईल, असं आम्ही गावोगाव सांगितलं. विधेयक वर्षानुवर्षं पडून राहिलं. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, फिरायला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्यानंतर आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. त्या कायद्यात देव नाही असं म्हणणारं एकही कलम नाही. उलट यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन, प्रदक्षिणा यांना हा कायदा लागू नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. आम्ही ते आधी वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर विरोध कसा केला असता?

वारी दरवर्षी निघते.

आता आकड्यांचं बोलू. 2011 च्या जनगणनेत 121 कोटींच्या या देशात नास्तिक म्हणून नोंद झाली ती 33,304 जणांची, त्यातले 9,652 महाराष्ट्रातले. देशातले सगळे गोळा केले तरी जेमतेम एक वानखेडे स्टेडियम भरेल. आमचा मुद्दा सिद्ध करायला यापेक्षा काय हवं? हा आकडा इतका आटोपशीर कसा राहिला, तेही सांगतो. प्रगणक येतो भर दुपारी. तेव्हा नास्तिक ऑफिसात असतो आणि दार त्याची आई उघडते. "धर्म?" "हिंदू लिहा." "मुलगा?" "त्याचंही तेच." लेक स्वयंपाकघरातून काही बोलू पाहते, तर तिला गॅस बघायला सांगितलं जातं.

सरकारी अर्जात धर्म लिहिण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलं आहे. ही बातमी आपल्या घरात फार पसरू देऊ नये. पुढची जनगणना 2027 मध्ये आहे, आणि या वेळी जातही विचारणार आहेत, म्हणजे देव सोडलेल्यालाही काहीतरी लिहायला शिल्लक राहीलच. तेव्हा समस्त मातापित्यांना कळकळीची विनंती: प्रगणक यायच्या दिवशी चिरंजीवांना आणि कन्येला काहीतरी कारण काढून बाहेर पाठवा, दार तुम्हीच उघडा, आणि प्रगणकाला चहा विचारा.